लाजाळू मास्तरांची मुलं

जून महिना आला, शाळा सुरू झाल्या की आठ-पंधरा दिवसांत शाळेतली मंडळंही सुरू होतात. कुठे स्काऊट-गाइड, कुठे हरित सेना, कुठे रोटरीचा इंटरॅक्ट क्लब, तर कुठे नुसतंच सेवा पथक. मग प्रमुख कोणाला करायचं हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. वक्तृत्व स्पर्धेत जो पहिला येतो, ज्याचा आवाज खणखणीत, ज्याच्या घरच्यांना गावात मान, तो प्रमुख. गेली काही वर्षं मी तालुक्याच्या गावात शाळकरी मुलींबरोबर काम करते आहे. मुलींच्या आया भेटल्या की हमखास सांगतात, आमची पोर फार बुजरी आहे हो, तिला कुठलं पुढारीपण जमायला, तिला तेवढं प्रमाणपत्र मिळेल असं बघा.

अशा वेळी मला साने गुरुजी आठवतात. ‘श्यामची आई’ वाचून आपण सगळ्याच रडलो आहोत. पण हे पुस्तक लिहिण्याआधी हा माणूस एका हायस्कुलात सहा वर्षं मास्तर होता आणि तिथे त्याने मुलांच्या हातून जे करून घेतलं, ते मात्र आपल्याला फारसं माहीत नसतं. मैत्रिणींनो, आज त्याविषयीच थोडं सांगायचं आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणं खोताचं, पण वाटण्या झाल्या, कर्ज वाढलं आणि घराला गरिबीचे दिवस आले. आई आजारी, हाताशी पैसा नाही. अशा घरात मुलगा म्हणून लाड होण्याऐवजी हा पोरगा आईच्या हाताखाली राबला. पाणी भरणं, आईचे पाय चेपणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलं. ‘श्यामची आई’मध्ये एक प्रसंग आहे. एका म्हातारीच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडते. ती त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीची, म्हणून कोणी उचलून देत नाही. श्यामची आई मात्र श्यामला पुढे पाठवते आणि मोळी उचलून द्यायला लावते. सेवेचा पहिला धडा असा घरात आणि आईकडून मिळाला.

शिक्षणासाठी पुढे फार वणवण झाली. पालगडहून दापोली, दापोलीहून औंध संस्थान, तिथे प्लेग आला म्हणून पुणे. पुण्यात नूतन मराठी विद्यालयात शिकताना अर्धपोटी राहावं लागलं. १९१७ मध्ये आई गेली, तीही मुलगा लांब असताना. शेवटची भेट झाली नाही याचा सल त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. १९१८ मध्ये मॅट्रिक झाले, नंतर बी.ए., एम.ए. झाले आणि तत्त्वज्ञानाच्या ओढीने खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. तिथून जून १९२४ मध्ये ते त्याच गावातल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले.

आता हे नवे मास्तर कसे होते? अंगकाठी साधी, स्वभाव कमालीचा लाजाळू, चारचौघांत गप्प, डोळ्यांना चटकन पाणी येणारं. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘पर्सनॅलिटी’ म्हणून ज्याला म्हणतात ती बिलकूल नाही. मुलाखतीत नापासच झाले असते! अशा माणसाकडे शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी आली. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं, घरापासून लांब, वयाने दांडगी. छडीशिवाय ती ऐकणार नाहीत असंच कोणालाही वाटलं असतं.

साने सरांनी छडी घेतली नाही. पोरं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्यांतून फिरत. विस्कटलेली अंथरुणं घडी घालून ठेवत. मळके कपडे पडलेले दिसले तर धुऊन वाळत घालत. कंदिलाच्या काजळलेल्या काचा पुसून ठेवत. केर काढत. कोणाला ताप आला तर रात्रभर उशाशी बसून राहत. संध्याकाळी पोरं परत येऊन बघतात तर खोली लख्ख. हे कोणी केलं ते कळलं तेव्हा मुलांना लाज वाटायला लागली. सर आपले कपडे धुतात म्हणजे काय? मग एकाने स्वतःची खोली झाडली, दुसऱ्याने शेजाऱ्याची झाडली, तिसरा आजारी मित्राजवळ बसला. न सांगता, न ओरडता एकेक मूल उठून कामाला लागलं.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. बायांनो, ही कामं कोणती आहेत ते बघा. केर काढणं, कपडे धुणं, अंथरुणं घालणं, आजाऱ्याची उशापायथ्याशी बसून काळजी घेणं. म्हणजे तुमची-आमची रोजची कामं! ज्यांना कोणी काम म्हणत नाही, ज्यांचा हिशेब कुठे मांडला जात नाही, तीच कामं हा शिकलेला, एम.ए. झालेला पुरुष आईच्या घरातून उचलून शाळेत घेऊन गेला आणि त्यांना त्याने सेवा हे नाव दिलं. तीसुद्धा मुलग्यांकडून करून घेतली, १९२५ च्या आसपास. आणि आज? मागे एका शाळेच्या ग्रामसफाईला मी गेले होते. झाडू सगळे मुलींच्या हातात, मुलगे रांगेत उभे राहून फोटो काढून घेत होते, आणि सूचना देणारा प्रमुख अर्थातच मुलगा. अमळनेरचं वसतिगृह आपल्याला अजून गाठायचंच आहे म्हणायचं.

नुसत्या हातांना काम देऊन सर थांबले नाहीत. मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक सुरू केलं. छापलेलं नव्हे बरं का, हाताने लिहिलेलं! मुलं झोपली की सर लिहायला बसत आणि सकाळी मुलांना ते वाचायला मिळे. त्यात देशातल्या-जगातल्या घडामोडी असत, थोरांच्या गोष्टी असत आणि वसतिगृहातल्या मुलांबद्दलही असे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही काढलं. आपण झाडलेल्या खोलीचा आणि देशाच्या स्वातंत्र्याचा काही संबंध आहे, हे पोरांना अशा वाचनातून उमगत गेलं असणार.

१९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. साने सरांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि चळवळीत उडी घेतली. जी शिकवण मुलांना दिली ती स्वतः जगून दाखवायची वेळ आली होती. पुढची वर्षं तुरुंगातून तुरुंगात गेली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे सोबती भेटले, त्यांच्या भाषांची ओढ लागली. भारतातल्या सगळ्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, या त्यांच्या ‘आंतरभारती’च्या स्वप्नाचं बी तिथेच पडलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनी भराभर लिहून घेतली म्हणून आज आपल्याला ‘गीता प्रवचने’ वाचायला मिळतात. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली.

१९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले, स्वयंसेवक गोळा केले. सभेत व्यासपीठावर बसण्यापेक्षा स्वयंसेवकांत मिसळून काम करणं हीच त्यांची आवड होती.

१९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल नव्याने उभं राहिलं. एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख झाले. संध्याकाळी मैदानावर शाखा, खेळ, लेझीम, गाणी, देशाविषयी चर्चा आणि सुटीत श्रमाची कामं. गुरुजी या मुलांचे जिव्हाळ्याचे गुरुजी झाले, त्यांनी मुलांसाठी गाणी लिहिली, गोष्टी सांगितल्या. यातली मोठी गोष्ट अशी, की सेवा दलात मुलगे आणि मुली एकत्र येत, सगळ्या जातींची आणि धर्मांची मुलं एकत्र येत. ज्या काळात मुलीला संध्याकाळी दारात उभं राहू देत नसत, त्या काळात मुली मैदानावर आल्या, लेझीम खेळल्या, शाखा चालवू लागल्या. त्यातल्या किती जणी घरी बोलणी खाऊन येत असतील, याची कल्पना आपल्याला करता येते.

या मुलांची आणि गुरुजींची खरी कसोटी लागली ती पंढरपूरच्या वेळी. विठ्ठलाच्या देवळात हरिजनांना प्रवेश नव्हता. जो देव सगळ्यांचा म्हणवतो, त्याच्या दारात काही लेकरांना बंदी, हे गुरुजींना सहन होईना. पण त्यांनी थेट उपोषण केलं नाही. आधी महाराष्ट्राचं मन वळवायचं ठरलं. काही महिने ते गावोगाव फिरले, बरोबर सेनापती बापट होते आणि सेवा दलाचं कलापथक होतं. ही तरुण मुलं गाणी म्हणत, लोकांना समजावत. कित्येक गावांनी आपल्या विहिरी आणि देवळं खुली केली. त्यानंतर १ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विरोध कडवा होता. खुद्द गांधीजींपर्यंत चुकीची माहिती गेली आणि त्यांनीही उपोषण थांबवायला कळवलं. ज्यांना देवासारखं मानलं त्यांनीच नको म्हटल्यावर एखादा डगमगला असता. हा लाजाळू माणूस डगमगला नाही. अखेर मंदिराकडून मान्यता मिळाली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. त्या म्हातारीची मोळी उचलायला शिकवणारी आई त्या दिवशी हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

स्वातंत्र्य मिळालं, पण गुरुजींच्या मनाला स्वस्थता मिळाली नाही. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं, ते आजही निघतं. आंतरभारतीसाठी धडपड चालू होती. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं.

हा शेवट आपण मुलांना सांगत नाही. पटकन पान उलटतो. माणूस असा का जातो, याचं एकच एक कारण कधीच नसतं, आणि त्यांच्या थोरवीला त्याने उणेपणा येत नाही. तरी सेवेच्या कामात असलेल्या आपण सगळ्यांनी या पानावर क्षणभर थांबावं असं मला वाटतं. जो दुसऱ्याच्या तापाला रात्रभर जागतो, त्याच्या मनातला ताप कोण बघतं? घरातली जी बाई सगळ्यांचं करते तिला बरं नाही हे शेवटी कळतं, तसंच वर्गात सगळ्यांना मदत करणाऱ्या मुलीचं होतं. ती हसतमुख आहे, तिला काय धाड भरलीय, असं आपण धरून चालतो.

म्हणून यंदा मुलांच्या सेवा पथकांचं काम हाती घेताना मी शाळेत दोन गोष्टी मागितल्या. प्रमुख एकच नको, दर महिन्याला नवा असू दे. कोणाच्या पाळीला झाडू आहे आणि कोणाच्या पाळीला वही, हे मुलगा-मुलगी न बघता चिठ्ठ्या टाकून ठरू दे. बुजऱ्या पोरींना यात आपोआप जागा मिळते. त्यातली एखादी भाषण करणार नाही कदाचित, पण आजारी मैत्रिणीचा गृहपाठ तिच्या घरी नेऊन देईल, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघी तिच्याबरोबर निघतील. पुढारीपण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आणि तुमच्याकडे एक मागणं. तुमची लेक किंवा लेक नसेल तर लेकाने सेवेच्या कामाचं प्रमाणपत्र घरी आणलं, की ते भिंतीवर लावाच. पण त्याआधी तिला जवळ बसवा, आज काय काम केलं ते विचारा, दमलीस का विचारा, आणि मन कशाने जड झालंय का तेही विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. पोळ्या थोड्या उशिरा झाल्या तरी चालतील.