विलायतेस न गेलेले कायदेपंडित : न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग

फरीदाबादच्या न्यायालयात कामानिमित्त जाणाऱ्या आपणा मंडळींना वकिलांचा काळा कोट आणि गळ्यातील पांढऱ्या पट्ट्या यांचे नवल वाटत नाही. परंतु हा वेष मूळचा इंग्लंडातील न्यायालयांचा आहे आणि त्याच्याबरोबर तेथील वकिली व्यवसायाच्या पायऱ्या, मानपान आणि एक प्रकारचे सोवळेओवळेही आपल्याकडे आले, हे सहसा ध्यानी येत नाही. त्या सोवळ्याची मर्यादा केवळ विद्वत्तेच्या बळावर ओलांडणारे एक महाराष्ट्रीय म्हणजे न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटले.

इंग्लंडात वकिलांचे दोन वर्ग. पक्षकाराशी थेट संबंध ठेवून कागदपत्रे सिद्ध करणारा तो सॉलिसिटर आणि न्यायासनासमोर उभा राहून युक्तिवाद करणारा तो बॅरिस्टर. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनच्या लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल वा मिडल टेंपल या चारांपैकी एका संस्थेत नाव घालावे लागे आणि तेथील भोजनगृहात ठराविक वेळा सर्वांच्या पंक्तीस जेवावे लागे. कायद्याच्या ज्ञानाइतकाच उच्चवर्गीय समाजात वावरण्याचा सराव तेथे महत्त्वाचा मानला जाई. १८६२ साली मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हा ही घडी येथेही बसली. मूळ शाखेतील मोठमोठे दावे बॅरिस्टरांनी चालवावेत आणि देशी वकिलांनी अपील शाखेत काम करावे, अशी सामान्यतः विभागणी होती. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये व फिरोजशहा मेहता १८६८ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले. हिंदू तरुणापुढे मात्र खर्चाबरोबर समुद्रपर्यटनाबद्दलच्या जातिबहिष्काराचेही भय असे.

तेलंगांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईस, गौड सारस्वत कुटुंबात झाला. काका त्रिंबकराव यांनी त्यांस दत्तक घेतले. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी इंग्रजी व संस्कृत या दोन्ही विद्या सारख्याच निष्ठेने संपादन केल्या. उच्च न्यायालयाने ॲडव्होकेट होण्यासाठी एक अतिशय कठीण परीक्षा ठेवली होती. ती उत्तीर्ण होणाऱ्यास विलायतेस न जाताही मूळ शाखेत बॅरिस्टरांच्या बरोबरीने उभे राहता येई. तेलंगांनी तो मार्ग पत्करला आणि १८७२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते ॲडव्होकेट झाले. हिंदू धर्मशास्त्रावरील वादात ते अल्पावधीत अग्रगण्य ठरले. मिताक्षरा व व्यवहारमयूख हे ग्रंथ इंग्रज बॅरिस्टरांना भाषांतरांतून वाचावे लागत. तेलंग ते मुळातून वाचून त्यांवर इंग्रजी पद्धतीने युक्तिवाद करीत.

हे सर्व चालू असता त्यांची लेखणी थांबली नाही. रामायण होमरच्या काव्यावरून रचले गेले, या वेबर या जर्मन पंडिताच्या मताचे त्यांनी खंडन केले. मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेत त्यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८५ साली राष्ट्रसभेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता.

परंतु तेलंगांच्या आयुष्यातील खरी कसोटी आम्हांस रखमाबाईंच्या खटल्यात दिसते. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पती दादाजी भिकाजी यांच्याकडे नांदण्यास नकार दिला आणि १८८४ मध्ये दादाजींनी उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तेलंग होते. पत्नीस न्यायालयाच्या हुकुमाने पतीच्या घरी धाडण्याचा हा उपाय मुळात इंग्लंडातील धर्मपीठांच्या कायद्यातून आला असून हिंदू शास्त्रात त्यास आधार नाही, असे मानून न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. धर्मरक्षणाचा घोष करणारे लोक परक्यांच्या कायद्याला कवटाळून बसावेत, हा त्यातील विलक्षण योग! अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिन्यांच्या कैदेचा हुकूम दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन कैद टळली. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

खटला चालू असतानाच, १८८६ मध्ये, सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी झालीच पाहिजे काय, या विषयावर तेलंगांनी व्याख्यान दिले. जेथे विरोध सर्वांत कमी तेथून पुढे जावे, असा त्यांचा कल होता. याच माणसाने घरात रूढीपुढे नमते घेऊन आपल्या मुलीचा विवाह बालवयात होऊ दिला आणि त्याबद्दल कठोर टीका सोसली. आम्ही ही गोष्ट झाकून ठेवीत नाही. न्यायासनापुढे निर्भय असलेला विद्वान स्वतःच्या ओसरीवर वडीलधाऱ्यांपुढे हतबल होतो, हे त्या पिढीचे दुःख होते. ते केवळ त्या पिढीचेच होते काय, हे ज्याचे त्याने आपल्या घरात पाहावे.

१८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू होण्याचा मान त्यांस लाभला. १ सप्टेंबर १८९३ रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या रिक्त जागी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची नियुक्ती झाली.

१९६१ च्या कायद्याने देशातील सर्व वकिलांचा ॲडव्होकेट हा एकच वर्ग झाला आणि मुंबईतील दुहेरी पद्धतीची सक्ती १९७६ च्या दुरुस्तीने संपली. विलायतेची पंगत आता कोणासही आवश्यक उरलेली नाही. आपल्या मंडळातील जी मुले-मुली कायद्याचा अभ्यास करीत असतील, त्यांना तेलंगांचे चरित्र अवश्य वाचावयास द्यावे. त्यांच्या विद्येचा वारसा तर त्यांनी घ्यावाच. शिवाय तेलंगांना जे घरात साधले नाही, तेही त्यांनी साधावे, अशी आमची इच्छा आहे.