अंगणात भरलेली शाळा

स्वच्छतेविषयी आपल्याकडे बोलले फार जाते. भिंतींवर घोषवाक्ये असतात, निबंधस्पर्धा होतात, प्रभातफेऱ्या निघतात आणि फेरी संपली की मैदानावर बिस्किटांचे कागद तसेच उडत राहतात. मग ही सवय रुजवावी तरी केव्हा आणि कशी? या प्रश्नाचे उत्तर मला एका थोर शिक्षणतज्ज्ञ स्त्रीच्या चरित्रात सापडले. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. माहेरचे वातावरण प्रार्थनासमाजाच्या सुधारकी विचारांचे. मुली शाळेत जाणे हेही नवल होते, अशा काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळवली. संसार फार काळ टिकला नाही. परंतु रडत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. राजकोटला अध्यापिका घडवणाऱ्या विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले आणि १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. स्थिर हुद्द्याची नोकरी सोडून तीन-चार वर्षांच्या पोरांमध्ये जाऊन बसणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. शहरात नाव झाले, मान मिळाला. येथेच थांबल्या असत्या तरी चालले असते! पण खेड्यातल्या, गरिबाच्या मुलाचे काय, हा सल त्यांना होता. म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलखात गेले.

तेथे पहिली अडचण अशी, की मुले बालवाडीत येतच ना. कोणी धाकटे भावंड सांभाळी, कोणी गुरांमागे जाई. तेव्हा ताराबाईंनी शाळाच मुलांच्या दारी नेली. वस्तीतल्या अंगणात ती भरू लागली, म्हणून ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी चराऊ रानात भरली ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे आले.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की अशा शाळेत स्वच्छता हा वेगळा विषय राहत नाही. अंगण झाडल्याशिवाय शाळा भरणार कुठे? हात धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, रोपाला पाणी घालणे हाच तिथला धडा. लहान हाताला पेलेल असा झाडू मिळाला की मूल तो हौसेने घेते, हे मॉन्टेसोरी पद्धतीतले तत्त्व. आणि ज्या झाडाच्या बियांनी मोजणी शिकायची, ते झाड मुलाला आपले वाटल्यावाचून कसे राहील?

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात असताना मी एका गावची अंगणवाडी पाहिली. खाऊ संपल्यावर ताईंनी काही न सांगता मुले आपापल्या ताटल्या घेऊन नळाकडे गेली. चार वर्षांच्या एका मुलीने सांडलेली शिते वेचून कोंबडीपुढे टाकली. घोषवाक्य कुठेही लिहिलेले नव्हते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या शिक्षक होणार आहेत, आई-वडील तर बहुतेक सारेच. तेव्हा मुलाच्या हाती आपण घोषणेचा फलक देणार की झाडू आणि रोप, याचा विचार आजच करावा. ताराबाईंचे खरे स्मरण त्यातच आहे, असे मला वाटते.