गागोद्याचा विन्या

पनवेलहून गोव्याच्या वाटेला लागले की पुढे पेण लागते. त्या पेण तालुक्यात गागोदे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी नरहरपंत भाव्यांच्या घरी विनायक जन्मला. घरचे त्याला विन्या म्हणत. पुढे जगाने विनोबा म्हटले.

विनोबांची थोरवी आपण जाणतोच. आज पाहायचे ते त्यांचे कोवळे वय. बुद्धीचे देणे एकच असते, पण लेकराच्या अंगी ते एका रूपाने दिसते आणि मिसरूड फुटल्यावर निराळ्याच. हे न उमगल्याने पुष्कळ आईबाप फसतात बरे!

लहानपणी विन्या हिशेबात मोठा हुशार. आई रुक्मिणीबाईंनी एकदा देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला. रोज एकेक दाणा मोजीत बसायच्या. वडिलांनी सोपी तोड सांगितली : तोळाभर दाणे मोजावे, मग वजनावरून लाखाचा अंदाज काढावा. आईने विन्याला विचारले. गणितवेडे पोर वडिलांच्या बाजूने बोलेल असे कोणालाही वाटले असते. पण तो म्हणाला की हा हिशेब नव्हे, दाण्यागणिक देवाची आठवण आहे. असले बोल ऐकून कोणाच्या आईला धन्य वाटणार नाही?

पण तेच पोर बडोद्यास वाढू लागले आणि रूप पालटले. ब्रह्मचर्याचा नेम धरला म्हणून पायात जोडा नाही, डोक्यावर छत्री नाही, अंगाखाली गादी नाही. भर उन्हात कोसच्या कोस भटकायचे. त्याने डोळे बिघडले, असे त्यांना स्वतःलाच पुढे वाटे. परीक्षेपेक्षा वाचनालयात जीव जास्त रमे. एके दिवशी चुलीपाशी बसून शाळेची प्रमाणपत्रे जाळली. आई म्हणाली, पुढेमागे लागतील की. पण त्याने ऐकले नाही. १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईस निघाला, तो वाटेत सुरतेस उतरून थेट काशीस गेला.

शेजारपाजारच्या लोकांनी याला काय म्हटले असते? पोर वाया गेले! पण दाण्यादाण्यात देव पाहणारी बुद्धी तीच होती. लहानपणी ती गोड उत्तर देई. आता स्वतःची वाट मागत होती.

वडील शिस्तीचे कडक, विन्याला पुष्कळदा मार बसे. मात्र सोळावे लागताच त्यांनी हात आवरला. सोळा वर्षांच्या मुलाला मित्रासारखे वागवावे, हे शास्त्र त्यांनी पाळले. १९१६ च्या जून महिन्यात विन्या गांधीजींपाशी गेला आणि त्यांचाच झाला.

आईला संस्कृत गीता कळत नसे. मराठीत तूच का करीत नाहीस, असे तिने विचारले होते. ती १९१८ साली गेली. १९३०-३१ मध्ये मुलाने तिच्यासाठी गीताई रचली. १९५१ पासून भूदानासाठी गावोगाव पायी हिंडताना बडोद्याच्या उन्हातले तेच चालणे कामी आले. १९५८ साली सर्व धर्मांच्या माणसांना बरोबर घेऊन त्यांनी पंढरीनाथाचे दर्शन घेतले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला देह ठेवला.

माउली हो, वारीत लहान लेकरू खांद्यावर असते, तोवर सारे त्याचे कौतुक करतात. मोठे झाले की ते पुढे निघून जाते, हाक मारली तरी थांबत नाही. तेव्हा लगेच वाट चुकले म्हणू नये. थोडे त्याच्या मागे चालून, ते कुठे निघाले आहे ते पाहावे.