रेडिएशनचे हप्ते पाडणारा डॉक्टर: क्लोदियस रगो

मोबाइल आपण हप्त्यांवर घेतो, कारण सगळे पैसे एकदम भरणं झेपत नाही. रेडिएशनचंही थोडं तसंच आहे. ते हप्त्यांत द्यायचं हे ज्यांनी प्रयोगाने पटवून दिलं, त्या क्लोदियस रगो यांच्याबद्दल आज सांगतो.

रगो १८७० साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात जन्मले. शिकले डॉक्टरकी, पण रमले मायक्रोस्कोपमध्ये. वृषणात शुक्राणू कसे बनतात हा त्यांचा आवडता विषय, आणि त्याच पेशींवर ते क्ष-किरण सोडून पाहू लागले. पुढे पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये एक प्रयोगशाळा मेरी क्युरींची, तर जीवशास्त्राची रगोंची. मधे पहिलं महायुद्ध आलं, ते सैन्याच्या वैद्यकीय कामात गेलं.

त्यांचा गाजलेला प्रयोग मेंढ्यावरचा. वृषणातल्या पेशी कॅन्सरसारख्या भराभर वाढतात, म्हणजे ती झाली गाठ. वरची कातडी म्हणजे निरोगी शरीर. मला ही कल्पना फार हुशारीची वाटते. एकाच डोसात मेंढा वंध्य करायचा तर कातडी जळायची. तोच मारा बरेच दिवस थोडा थोडा केला, तर काम व्हायचं आणि कातडी बरीचशी वाचायची. कारण दोन डोसांच्या मधल्या वेळेत निरोगी पेशी स्वतःची दुरुस्ती करतात. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी ही पद्धत घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर वापरली. रगो १९४० मध्ये वारले.

गुदद्वाराच्या कॅन्सरमध्ये पूर्वी ऑपरेशन करून गुदद्वारच काढायचे आणि पोटावर कायमची पिशवी लागायची. १९७४ मध्ये अमेरिकेत डॉ. नॉर्मन नायग्रो यांनी रेडिएशन आणि केमो एकत्र देऊन दाखवली, आणि आता बहुतेकांचं ते ऑपरेशन टळतं. आजही रेडिएशन साधारण पाच-सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रगोंच्याच हप्त्यांत. वर आयएमआरटी तंत्रात कॉम्प्युटर किरणांना गाठीचा आकार देतो, त्यामुळे आतडी, मूत्राशय आणि कातडीला कमी मार बसतो.

तरी जुलाब, कातडी सोलणं, केमोमुळे तोंड येणं, रक्तातल्या पेशी कमी होणं हे होतंच. जागा अशी की लोक लाजून बोलत नाहीत, आणि मग त्रास असह्य झाला की हप्ते बुडतात. त्या खंडात कॅन्सरच्या पेशीही पुन्हा वाढून घेतात. त्यामुळे घरात कुणाचे उपचार चालू असतील, तर जळजळ सुरू झाली त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मलम, जुलाबाची गोळी, वेदनाशामक, सगळं मिळतं.