जगदीशचंद्र बोस : ‘उपयोग काय?’ न विचारता केलेलं काम

आपल्या वर्गातल्या बहुतेकांनी बारावीनंतर इंजिनिअरिंग किंवा मेडिकल गाठलं. मीही त्यातलीच. नुसतं फिजिक्स घेऊन पुढे काय करणार, हा प्रश्न तेव्हा घरोघरी ठरलेला असे. आता आपली मुलं त्या वयाची झाली आहेत, म्हणून स्मरणिकेसाठी जगदीशचंद्र बोस यांच्याविषयी लिहावंसं वाटलं.

त्यांचा जन्म १८५८ सालचा, पूर्व बंगालातला. वडील सरकारी अधिकारी. मुलाला इंग्रजी शाळेत घालणं त्यांना सहज शक्य होतं, पण त्यांनी बंगाली शाळाच निवडली. तिथे कोळ्याचा मुलगा जगदीशचंद्रांच्या शेजारी बसे. पुढे केंब्रिजला शिकून ते १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून पगार कमी मिळणार होता. त्यांनी तीन वर्षं शिकवलं, पण पगाराला हात लावला नाही. शेवटी पूर्ण पगार थकबाकीसह मिळाला.

प्रयोगशाळा मात्र नव्हतीच. एक लहानशी खोली आणि मदतीला पत्र्याचं काम करणारा एक कारागीर. जर्मनीत हर्ट्झ यांनी १८८८ च्या सुमारास विद्युतचुंबकीय लहरी दाखवल्या होत्या, पण त्या बऱ्याच लांब असल्याने उपकरणंही मोठी लागत. जगदीशचंद्रांनी ५ मिलिमीटरपर्यंतच्या आखूड लहरी निर्माण केल्या. त्यामुळे सगळं साहित्य टेबलावर मावू लागलं. या लहरी प्रकाशासारख्याच वागतात का, हे त्यांना पाहायचं होतं. पीळ दिलेल्या तागातून लहरी सोडून त्यांच्या कंपनाची दिशा वळते, हेही त्यांनी दाखवलं. १८९५ मध्ये कलकत्त्यात त्यांनी लोकांसमोर तारेविना दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली.

पुढची कित्येक वर्षं या आखूड लहरींना फारसं गिऱ्हाईक नव्हतं. दूरवर संदेश पाठवायला लांब लहरीच सोयीच्या होत्या. आज ५जी साठी राखलेला २६ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांनी अभ्यासलेल्या लहरींच्याच टप्प्यात येतो. लहरी टिपण्यासाठी त्यांनी गॅलेना हे खनिज वापरलं. मित्रांच्या आग्रहामुळे त्याचं अमेरिकन पेटंट घेतलं गेलं, ते १९०४ मध्ये मिळालं. अर्धवाहकावर आधारलेल्या उपकरणांच्या अगदी पहिल्या पेटंटांत ते मोजलं जातं. मी लिहिते ते सॉफ्टवेअर ज्या चिपवर चालतं, तीही अर्धवाहकाचीच.

पेटंटातून पैसा करण्यात त्यांना रस नव्हता. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यात संशोधन संस्था उभारली. १९३७ मध्ये ते गेले, संस्था आजही चालू आहे.

आम्ही इंजिनिअर वस्तू बनवतो, पण ती कशाच्या जोरावर चालते ते आधी कुणीतरी नुसत्या कुतूहलापोटी शोधलेलं असतं. त्या शोधाचं फळ पदरात पडायला कधी शंभर वर्षंही लागतात. म्हणून मित्रमैत्रिणींनो, घरातलं एखादं मूल फिजिक्सच शिकायचं म्हणालं, तर ‘करून काय मिळणार?’ हे आपण तरी विचारू नये. आणि सर, बाई, प्रयोगाच्या तासाला ‘असं का होतं?’ विचारणाऱ्या मुलांना तुम्ही आजवर दिलात तसाच वेळ यापुढेही द्या.