व्यवहाराची भाषा यंत्राला शिकविणारी गणिती

पगारपत्रक करणाऱ्या किंवा गोदामातील मालाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने संगणकाशी गणिती चिन्हांतच का बोलावे, हा प्रश्न ग्रेस हॉपर यांनी १९५३ च्या सुमारास वरिष्ठांपुढे ठेवला. यंत्राला इंग्रजी समजत नाही, असे सांगून तो बाजूला सारण्यात आला. हॉपर मात्र सहजासहजी ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या हॉपर यांनी १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली आणि व्हासार महाविद्यालयात अध्यापन केले. महायुद्धात नौदलात जायचे, तर वय अधिक आणि वजन कमी. तरीही डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी प्रवेश मिळवलाच. पुढच्या वर्षी हार्वर्डमधील मार्क-१ या अजस्र यंत्रावर त्यांची नेमणूक झाली. १९४९ मध्ये त्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तेथे १९५२ मध्ये त्यांनी, तयार आज्ञांचे तुकडे यंत्राकडूनच जुळवून घेणारा ए-० हा कंपायलर सिद्ध केला.

आता शब्दांचा प्रश्न उरला. इंग्रजी आज्ञा यंत्र पाळते हे दाखविल्यावर हॉपर यांनी त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मन भाषांतही देऊन दाखविल्या. यंत्राच्या लेखी शब्द म्हणजे केवळ चिन्ह, एवढेच त्यांना पटवायचे होते. पण अमेरिकी यंत्र परकी भाषा बोलू लागलेले पाहून व्यवस्थापन बिचकले, असे त्या पुढे मिश्कीलपणे सांगत. अखेर इंग्रजीपुरती परवानगी मिळाली आणि ‘फ्लो-मॅटिक’ जन्मली. एका फाइलमधील मालाचा क्रमांक दुसरीतल्या क्रमांकाशी ताडून पाहा, जुळला तर अमुक पायरीवर जा, अशा तिच्या आज्ञा. माहितीचे वर्णन आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया तिने वेगळ्या मांडल्या. व्यापारी कामात गणित थोडे आणि नोंदी अफाट, हे ओळखूनच ती रचना झाली होती.

मे १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये झालेल्या बैठकीतून सर्व कंपन्यांच्या यंत्रांना चालेल अशा सामाईक भाषेचे काम सुरू झाले. तीच ‘कोबोल’. हॉपर यांना तिची जननी म्हणतात, ते पुरते खरे नाही. आराखडा समितीने केला आणि हॉपर सल्लागार होत्या. मात्र त्यावर फ्लो-मॅटिकची छाप स्पष्ट होती. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ तोच प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालला.

कोबोल वाचून व्यवस्थापक स्वतःच काम तपासतील, ही आशा बहुतांशी फोल ठरली. पाल्हाळिक म्हणून विद्वानांनी तिची हेटाळणीही केली. बँका आणि सरकारी कचेऱ्यांनी मात्र ती सोडली नाही. जागा वाचविण्यासाठी वर्ष दोनच अंकांत लिहिलेले असे हजारो जुने प्रोग्राम १९९९ पर्यंत दुरुस्त करावे लागले, आणि त्या कामाने आपल्याकडील अनेक तरुणांना परदेशाची वाट दाखविली.

ते पाहायला हॉपर नव्हत्या. १९६६ अखेर निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने १९६७ मध्ये परत बोलावले, ते याच भाषेच्या प्रमाणीकरणासाठी. रिअर अॅडमिरल म्हणून त्या १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.