अर्थसंकल्पाचे परीक्षक : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी जन्मलेल्या गोपाळरावांचे पितृछत्र बालपणीच हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली व त्यातील आठ रुपये धाकट्याच्या विद्यार्जनासाठी पाठविले. पैशापैशाचा हिशेब ठेवण्याची सवय तेथेच जडली असावी. पुढे ते गणिताचे अध्यापक झाले, अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या करड्या शिस्तीत सरकारी अहवाल वाचावयास शिकले. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे त्यांनी विलायतेत साक्ष दिली.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांचे पहिले अर्थसंकल्पीय भाषण झाले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. अंदाजपत्रकात शिल्लक दिसत होती व तिच्याबद्दल सरकारचे कौतुक चालले होते. १८९६ ते १९०० या काळात दोन भीषण दुष्काळ पडले, प्लेगने घरे ओस पाडली. अशा देशाच्या खजिन्यात शिल्लक उरतेच कशी, हाच गोखल्यांचा मुख्य मुद्दा होता. रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने चढवल्याने विलायतेस पाठवावयाच्या रकमेचा भार सरकारपुरता हलका झाला होता. कर मात्र पूर्वीच्याच चढ्या दराने वसूल होत राहिले. ही शिल्लक सुबत्तेची नसून वाजवीहून अधिक करांची आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून सिद्ध केले. १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. गरिबाच्या भाकरीवरचे मीठही त्यामुळे कमी झाले, हे खपाच्या आकड्यांवरून त्यांनी दाखविले.

या परिश्रमांमागे आणखी एक व्यक्ती होती. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. अर्थकारणाचा त्यांचा व्यासंग विलक्षण होता आणि गोखले आपल्या भाषणांसाठी आकडे व टिपणे त्यांच्याकडून आवर्जून मागवीत. जोशींचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, याची खंत वाटते.

बांधकामावरील खर्चाविषयीही गोखले दक्ष होते. लोहमार्गांवर द्रव्य मुक्तहस्ते ओतले जाई, पाटबंधाऱ्यांच्या वाट्याला मात्र त्या मानाने अल्प रक्कम येई. लोहमार्ग कर्ज काढून बांधावेत, रयतेच्या करांतून उरलेली शिल्लक प्राथमिक शिक्षण व आरोग्यावर खर्चावी, असा त्यांचा आग्रह असे. वाढत्या लष्करी खर्चावरही ते दरवर्षी बोट ठेवीत. अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार सभासदांना नव्हता; ठराव मांडण्याची मुभाही १९०९ च्या सुधारणांनंतर मिळाली. हाती होती ती केवळ चर्चा.

तरीही १९०३ मध्ये मिठावरील कर दोन रुपये, १९०५ मध्ये दीड व १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकराची माफी पाचशेवरून हजार रुपये उत्पन्नापर्यंत वाढली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक मात्र १९१२ साली फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. पुढील वर्षीच, युद्धखर्चाच्या दिवसांत, मिठावरील कर पुन्हा सव्वा रुपया झाला.